मधल्या टेकाडाचा मान

काही माणसांना दुसऱ्याला मान द्यायची इतकी हौस असते, की घेणारा अवघडून जातो. या गोष्टीतले दोन व्याही त्याच मातीचे. एक शिंपी, दुसरा दीपगृहाचा निवृत्त राखणदार. शिंप्याची लेक राखणदाराच्या घरी सून म्हणून आली, त्याला तीन वर्षं होत आली. या तीन वर्षांत दोघांपैकी एकही जण दुसऱ्याच्या आधी दारातून आत गेलेला नव्हता. उंबऱ्याशी पोचले की दोघं तिथेच खिळत.

"व्हा पुढे, व्याहीबुवा."

"छे, छे! तुम्ही असताना मी?"

"तुम्ही वयानं मोठे."

"पण लेक दिलीत ती तुम्ही. मी काय दिलं? एक मुलगा, तोही सदा बोटीवर! चला, व्हा पुढे."

मागे राखणदाराची बायको चहाचा ट्रे घेऊन ताटकळत असे. बाई तोंडानं फटकळ, मनानं लोणी. "अहो, एकजण तरी आत शिरा! चहाला साय धरली." मग दोघंही अदबीनं बाजूला होऊन तिला वाट देत. ती आत जाई, तिच्यामागून दोघं खांद्याला खांदा लावून, कडेकडेनं आत सरकत आणि तो प्रश्न त्या दिवसापुरता सुटे.

भांडण परवडलं, असं ती म्हणे. भांडणाला शेवट तरी असतो. या दोघांच्या सौजन्याला अंत म्हणून नव्हता, आणि त्याच सौजन्यापायी एक अख्खं झाड जगातून उठायची वेळ आली होती. ती कशी, ते ऐका.

शिंप्याची लेक झाडांच्या नोंदणी कार्यालयात कामाला होती. गावात तिला सगळे नोंदवाली म्हणत. कार्यालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत लोखंडी कपाटं. कपाटांत जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या आणि घड्यांमध्ये दाबून वाळवलेली पानंफुलं. डांबराच्या गोळ्यांचा वास दारातच सामोरा यायचा. दुसऱ्या खोलीत एक टेबल, न उघडणारी एक खिडकी आणि भिंतीवर एक लांबलचक लाकडी पाटी. पाटीवर पाच पायऱ्या रंगवलेल्या. सगळ्यात वर 'निर्धास्त', मग 'जपण्याजोगं', मग 'धोक्यात', त्याखाली 'अति धोक्यात', आणि सगळ्यात खाली काळ्या रंगात 'नामशेष'. प्रत्येक पायरीवर खिळे ठोकलेले आणि खिळ्यांना झाडांच्या नावांच्या चिठ्ठ्या टांगलेल्या. कोणतं झाड कोणत्या पायरीवर आहे याचा कागद तयार करणं, हे तिचं काम.

तिचा जीव जडला होता तो खालून दुसऱ्या पायरीवरच्या एका चिठ्ठीवर. चिठ्ठीवर नाव होतं रेतफुली.

रेतफुली म्हणजे काही डोळे दिपवणारं झाड नव्हे. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांवर ती जमिनीशी लोळण घेते. पानं बारीक, राखाडी, लव असलेली. लांबून पाहिलं तर वाळू आणि पान यांत फरक कळू नये. वर्षातले तीनशे सत्तावन्न दिवस ती दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. उरलेल्या आठ दिवसांत एका झाडाला एकच फूल येतं. नखाएवढं, पिवळंधमक. उन्हं वर आली की उमलतं आणि अकराच्या सुमाराला मिटतं. नंतर पुन्हा वाळूच वाळू. देवानं एवढं सुंदर काही करावं आणि ते एवढं लपवून ठेवावं, याचं नोंदवालीला दर वर्षी नव्यानं नवल वाटे. सगळ्या जगात ही रेतफुली उरली होती ती गावाबाहेरच्या कुंपणातल्या तीन टेकाडांवर, आणखी कुठे नाही.

तिच्या मोजणीचे नियम कडक होते. फूल आलेलं झाडच मोजायचं. ज्याला फूल नाही त्याचा वंश पुढे चालेल याची हमी नाही. अकराच्या आत मोजायचं. आणि सगळ्यात कडक नियम हा, की जो नोंद ठेवतो त्यानं मोजायचं नाही, आणि फुलांच्या आठ दिवसांत टेकाडांकडे फिरकायचंही नाही. कारण उघड आहे. आईनं आपल्या पोराचं वजन डोळ्यांनी करायचं ठरवलं तर ते कधी कमी भरणार नाही.

आधीचा मोजणी करणारा म्हातारा माळी गुडघ्यांनी दगा दिल्यावर घरी बसला. त्याच्या शेवटच्या मोजणीत दोनशे बावन्न झाडं भरली होती. लग्नाच्याच वर्षी नवीन माणूस शोधायची वेळ आली आणि दोघं व्याही एकदमच पुढे झाले. तेवढी एकच गोष्ट ते आयुष्यात एकदम करू शकले. कार्यालयावर देखरेख करणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "घरचेच? चालतील. पण खोटं एक पानही खपवून घेणार नाही."

"बाई," राखणदार म्हणाला, "मी एका फुलाला देवाचं एक नाम घेत मोजणार. त्यात खोटं कसं शिरेल?"

आता मुख्य घोटाळा. टेकाडं तीन: उत्तरेचं, दक्षिणेचं आणि मधलं. मधलं सगळ्यात उंच. माथ्यावर वारा छान, समोर समुद्र पसरलेला. म्हातारा माळी थकला की तिथेच टेकायचा. झाडं तिथे फार नव्हती, वीसपंचवीस असतील. पण जागा मानाची.

पहिल्या मोजणीच्या सकाळी दोघं कुंपणाच्या फाटकाशी उभे. शिंप्यानं कापडाच्या चिंध्यांची इवली इवली निशाणं शिवून खराट्याच्या काड्यांना लावून आणली होती. मोजलेल्या झाडाशेजारी एक निशाण खोचायचं, म्हणजे दोनदा मोजलं जाणार नाही. स्वतःसाठी लाल, व्याह्यांसाठी निळी. निळं कापड जरा भारीतलं होतं, हे सांगायला नकोच.

"उत्तरेचं मी घेतो," राखणदार म्हणाला. "दक्षिणेचं तुम्हाला जवळ पडेल. आणि मधलं अर्थातच तुमचं."

"अहो, काय बोलता! मधलं तुमचं. दीपगृहावर आयुष्य काढलेला माणूस तुम्ही. उंचावर शोभता."

"शोभायचं वय गेलं माझं. मधलं तुमचं."

"तुमचं!"

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

आता शपथेपुढे काय बोलणार? शिंप्यानं विचार केला, इथे उभं राहिलं तर आपल्याला हा मान घ्यावाच लागेल. त्यानं लाल निशाणांची जुडी काखेत मारली आणि मागे न बघता दक्षिणेकडे जवळजवळ पळच काढला. आणि गंमत बघा, अगदी त्याच क्षणी राखणदाराच्याही मनात तेच आलं. तोही निळी जुडी घेऊन उत्तरेकडे सुटला. दोघांनाही वाटलं, जिंकलो! व्याह्यांच्या पदरात मान टाकूनच आलो.

मधल्या टेकाडावर कोण गेलं? वारा.

बरं, नंतर तरी विचारावं? पण "मधलं मोजलंत ना?" असं व्याह्याला विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. ते दोघांच्याही तोंडून मरेपर्यंत निघालं नसतं. खालून मधल्या टेकाडाचा माथा दिसत नव्हता. कार्यालयाच्या छापील कागदावर रकाना एकच, 'एकूण'. मोजणी झाली की दोघं फाटकाशी आपापला आकडा सांगत, बेरीज होई, खाली दोन सह्या होत. पुढच्या वर्षी मोजणीआधी राखणदार एवढंच विचारी, "मागच्यासारखंच ना?" आणि शिंपी म्हणे, "अगदी मागच्यासारखंच!" आणि व्हायचंही अगदी तसंच.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दोघं मनानं सेवेकरी. वर्षभर दर आठवड्याला येऊन आपापलं टेकाड पायाखाली घालत. वाऱ्यानं आलेले कागद, दोऱ्या, बाटल्या वेचत. फुलं नसताना रेतफुली दिसत नाही, हे मघाशी सांगितलंच.

आकडा उतरत गेला. पहिल्या वर्षी दोनशे सव्वीस. दुसऱ्या वर्षी दोनशे आठ. आणि या तिसऱ्या वर्षी, मोजणी संपायला एक दिवस असताना, दोघांनी कार्यालयात येऊन कागद टेबलावर ठेवला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, एकशे त्र्याण्णव.

नोंदवालीनं कागद पाहिला आणि आकड्याखाली बोट ठेवलं. खालून सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्याचा आवाज येत राहिला.

"बाळ," शिंपी हळूच म्हणाला, "कमी आहे का गं?"

"दोनशेच्या खाली आलं, बाबा."

"मग?"

"दोनशेच्या खाली गेलं की झाड आपल्या जागेवर जगत नाही, असं धरतात. नियम आहे. उद्या समिती येतेय. सोबत राजधानीच्या काचघरातले साहेब. सगळी झाडं मुळांसकट उपटून पेट्यांत भरायची आणि काचघरात न्यायची."

"म्हणजे जपणारच ना ते?" राखणदारानं विचारलं.

"अप्पा, अकरा वर्षांपूर्वी इथूनच तीस नेली होती. एक जगलं नाही. तिला वाळू सरकायला हवी, खारा वारा हवा. काचेखाली कसली सरकते वाळू?" तिनं कागद फाइलमध्ये ठेवला. "आणि उपटायच्या हुकमावर पहिली सही नोंद ठेवणाऱ्याची लागते. माझी."

दोघं व्याही जिना उतरून खाली आले. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांतलं कोणी "आधी तुम्ही" म्हणालं नाही. जिना अरुंद होता, एकामागून एक उतरले, एवढंच. पुढे कोण होतं हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कुंपणाच्या फाटकाशी गाडी येऊन थांबली. आधी अध्यक्षबाई उतरल्या. मागोमाग काचघरवाले साहेब आणि त्यांच्या रिकाम्या पेट्या. एकावर एक रचलेल्या, आत ओलं गोणपाट. फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत टेबल मांडलं होतं. राखणदाराची बायको थर्मास आणि बिस्किटांचा डबा घेऊन हजर होती. कोणाच्या घरी काहीही होवो, माणसं येणार म्हटल्यावर चहा हवाच, असं तिचं साधं शास्त्र. नोंदवाली फाटकाच्या बाहेरच उभी होती, टेकाडांकडे पाठ करून. आठवा दिवस होता, अजून नियम लागू होता. हुकमाचा कागद तिच्या हातात होता. पेनाचं टोपण तिनं अजून काढलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी आकडा वाचला. "एकशे त्र्याण्णव. दोघांच्या सह्या आहेत. कोणाला काही म्हणायचंय?"

शिंपी उठला. रात्रभर डोळा लागला नसावा. "बाई, म्हणायचं एवढंच, की दोष असेल तर तो माझा. माझ्या दक्षिणेच्या टेकाडावर झाडं कमी झाली. मी नीट राखली नाहीत. व्याहीबुवांना बोल लावू नका. या वयात उत्तरेचं सांभाळून वर मधल्या टेकाडाचा एवढा चढ त्यांनी तीन वर्षं एकट्यानं पेलला..."

"हे बघा, असं अजिबात म्हणायचं नाही," राखणदार ताडकन उठला. "दोष माझ्या उत्तरेच्या टेकाडाचा. हे गृहस्थ दिवसभर मशीनवर वाकून बसतात, पाठ धरते, तरी दक्षिणेचं करून वर मधलंही करत होते. यांना बोल लावाल तर..."

तो बोलायचा थांबला.

शिंपी त्याच्याकडे वळला.

"मी काय करत होतो?" शिंप्यानं विचारलं.

"मधलं."

"मधलं तर तुमचं."

"माझं? अहो, मी शपथ घातली होती तुम्हाला!"

"म्हणून तर मी पळालो!"

"मीही!"

राखणदाराच्या बायकोनं हातातला थर्मास खाली ठेवला. "अरे देवा! म्हणजे त्या टेकाडावर तीन वर्षं कोणी गेलंच नाही?"

दोघांनी खाली मान घातली.

बाहेर नोंदवालीनं हे सगळं ऐकलं. तिचा हात टोपणावर होता, तो तिथेच राहिला. "आई," ती पाठमोरीच ओरडली, "किती वाजले?"

"दहाला दहा कमी!"

"अकराला फुलं मिटतात!"

पुढची गडबड काय वर्णावी! मधलं टेकाड फाटकापासून हाकेच्या अंतरावर, पण वाळूत पाय रुतवत, वळसा घालून माथा गाठायला चांगली वीस मिनिटं. राखणदार गळ्यात दुर्बीण अडकवून निघाला, शिंपी निशाणं घ्यायला गेला तर ती शिल्लकच नव्हती, म्हणून तसाच निघाला. त्यामागे साडीचा काष्टा सावरत अध्यक्षबाई, आणि सगळ्यात मागे, आपल्याला का पळावं लागतंय हे न कळलेले काचघरवाले साहेब. चढाच्या पायथ्याशी पायवाट एकाच माणसापुरती होती. दोघं व्याही तिथे पोचले, थबकले, एकमेकांकडे पाहिलं...

"खबरदार!" लांब फाटकाजवळून आवाज आला. "आज जो 'आधी तुम्ही' म्हणेल, त्याला घरात चहा नाही!"

राखणदार आधी चढला.

डोकं माथ्याच्या वर निघालं मात्र, तो जागीच उभा राहिला. मागून शिंपी आला, तोही उभा राहिला. अध्यक्षबाई धापा टाकत आल्या आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. तीस वर्षांच्या नोकरीत तो शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता.

सगळा चिमुकला माथा पिवळ्या ठिपक्यांनी भरला होता. समुद्राकडच्या उतारावरही पिवळं. पाऊल ठेवायला जागा नव्हती. जणू कोणीतरी हळदीनं माखलेलं धोतर वाळत घातलं होतं आणि न्यायला विसरलं होतं.

"कोणी पाय टाकायचा नाही!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण मग मोजायचं कसं? सगळी एकात एक मिसळलीत."

शिंप्याचा हात आपोआप खिशात गेला. शिंप्याच्या खिशात दोऱ्याचं रीळ नसेल असं कधी होत नाही. "कापड आखतो तसं आखू," तो म्हणाला. "साहेब, तुम्ही कडेनं पलीकडे जा आणि हे टोक धरा. तिथून कडेकडेनं सरकत राहा." त्यानं टेकाडावरून आरपार दोरे ताणले, वीत वीत अंतरावर. पिवळ्या कापडावर पांढऱ्या रेघा. राखणदारानं दुर्बीण डोळ्याला लावली. आयुष्यभर त्यानं तिच्यातून अंधारात दिवे मोजले होते, आज उन्हात फुलं मोजायची होती. तो दुर्बिणीतून एकेक पट्टा बघत आकडा सांगे. शिंपी काठावर पोटावर झोपून तोच पट्टा आपल्या बाजूनं मोजी. दोघांचा आकडा जुळला तरच अध्यक्षबाई लिहीत.

"पहिला पट्टा, चार!" राखणदार ओरडला.

"पाच," शिंपी म्हणाला. आणि बघा, तीन वर्षांत पहिल्यांदाच तो व्याह्यांच्या बोलण्याविरुद्ध बोलला होता. "पानाआड एक आहे, व्याहीबुवा. तुम्ही चुकलात."

"चुकलो? थांबा, बघतो... खरंच की! पाच!" राखणदार एवढा खूश झाला, जणू व्याह्यांनी त्याला शाल दिली.

खाली फाटकाशी नोंदवाली तशीच पाठमोरी. तिला आकडे तेवढे ऐकू येत होते, तेही वाऱ्यानं तोडून आणलेले. सासूबाई शेजारी उभ्या राहून बोटांच्या पेरांवर धरत होत्या.

"पाच... दुसरा पट्टा, तीन."

एकशे त्र्याण्णव आणि आठ. दोनशे एक.

नोंदवाली वाळूतच बसली. हातातला हुकमाचा कागद तिनं आधी दुमडला, मग आणखी दुमडला, मग त्याची इतकी बारीक घडी केली की तिच्यात सही मावली नसती.

"रडतेस कशाला, अगं वेडे?" सासूबाई म्हणाल्या. त्या स्वतः पदरानं नाक पुसत होत्या.

"आई, धरा तुम्ही, धरा. थांबवू नका."

"धरतेय गं. माझी पेरं संपली, आता तुझी दे."

दहा वाजून पन्नास मिनिटांनी कडेच्या पट्ट्यातली फुलं मिटायला लागली. "पटपट, व्याही!" "पटपटच करतोय, तुम्ही मध्ये बोलू नका!" अदब गेली, 'बुवा' गेलं, 'चुकलात' आणि 'आंधळे झालात का' यांची देवाणघेवाण सुरू झाली, आणि शेवटचा दोरा ताणून शेवटचं फूल मोजलं तेव्हा ते अर्धं मिटलं होतं.

"अर्धं मिटलेलं धरायचं का?" काचघरवाल्यांनी पलीकडून विचारलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "उमललेलं मोजायचं असा नियम आहे. अर्धं उमललेलं म्हणजे उमललेलं. लिहा. सत्त्याऐंशी आणि हे एक, अठ्ठ्याऐंशी."

एकशे त्र्याण्णव आणि अठ्ठ्याऐंशी, दोनशे एक्याऐंशी.

सगळे खाली आले. नोंदवालीला आता मागे वळायची परवानगी होती, कारण मोजणी संपली होती आणि फुलंही मिटली होती. ती वळली. तिला वाळूचं टेकाड दिसलं, नेहमीसारखं.

"मला एक सांगा," अध्यक्षबाईंनी दोघा व्याह्यांना समोर बसवलं. "इथे काय खत घातलंत? पाणी?"

"काही नाही, बाई."

"साफसफाई?"

"पाऊलसुद्धा ठेवलं नाही कोणी. तेच तर..." शिंपी बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा उतरला. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. "म्हणजे बाई, आम्ही दर आठवड्याला जे कचरा वेचायला जायचो..."

"कोवळी रोपं वाळूत दिसत नाहीत," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण हळू आवाजात. "पायाखाली गेली असणार."

राखणदारानं कपाळाला हात लावला. "सेवा म्हणून केलं हो. जिथे आम्ही राबलो तिथे घटली, आणि जिथे गेलोच नाही तिथे देवानं भरभरून दिली."

नोंदवालीनं वडिलांच्या चपलेवरची वाळू हातानं झटकली. "अप्पा, बाबा, तुम्ही दोघांनी एकमेकांना मान दिलात आणि दोघांपैकी कोणी घेतला नाही. तो मान रेतफुलीनं घेतला. एवढंच झालं."

काचघरवाले साहेब पेट्या गाडीत परत चढवत होते. ओलं गोणपाट पिळता पिळता ते म्हणाले, "इतकी वर्षं हे काम करतो, पण रिकाम्या पेट्या परत नेताना पहिल्यांदाच हलकं वाटतंय." त्यांना दोन बिस्किटं जास्त मिळाली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात छोटासा समारंभ झाला. अडीचशेच्या वर आकडा गेला की झाड एक पायरी वर चढतं. अध्यक्षबाईंनी निर्णय वाचून दाखवला, "रेतफुली हे झाड यापुढे धोक्यात आहे," आणि सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खालचा सायकलवाला काय झालं म्हणून वर आला, त्यालाही चहा मिळाला. झाड धोक्यात आहे म्हणून माणसं पेढे मिळाल्यासारखी का हसतायत, हे त्याला कोणी समजावून सांगेपर्यंत त्याचा चहा संपला होता.

नोंदवालीनं मोजणीचा नवा कागद छापून आणला होता. एकूण या रकान्याआधी आता तीन रकाने होते, प्रत्येक टेकाडाला एक, आणि प्रत्येकासमोर मोजणाऱ्याचं नाव लिहायची जागा. खाली ठळक अक्षरांत एक ओळ: मोजणी काठावरून, दोरा आणि दुर्बीण घेऊन करावी, आत पाऊल टाकू नये. कचरा वेचायचा तर लांब काठीच्या चिमट्यानं. चिमट्याचं काम राखणदारानं अंगावर घेतलं, आणि दोऱ्याची रिळं अर्थातच शिंप्याकडे.

"आता चिठ्ठी हलवायची," ती म्हणाली. 'अति धोक्यात'च्या खिळ्यावरून रेतफुलीची चिठ्ठी काढून 'धोक्यात'च्या खिळ्याला टांगायची होती. "हा मान तुम्हा दोघांपैकी एकाचा. कोण येतंय?"

दोघं पाटीपाशी गेले. दोघांनीही हात मागे घेतले.

"व्हा पुढे, व्याहीबुवा."

"छे, छे! काल पाचवं फूल तुम्ही दाखवलंत. तुम्ही व्हा."

"पण आधी माथ्यावर तुम्ही चढलात."

"ते चहाच्या धाकानं. तो काय मान झाला?"

सासूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला, दोघांच्या मधून हात घातला, चिठ्ठी काढली आणि वरच्या खिळ्याला अडकवली. थोडी वाकडी लागली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता कप कोणी आधी उचलायचा, ते काठावरून ठरवा."